वेढ्यातल्या गावाची डॉक्टर

रविवारची सकाळ होती. उन्हं चढायच्या आत गवत कापून घ्यावं म्हणून मी गराजमधून यंत्र बाहेर काढत होतो, तेवढ्यात रेवाचा फोन आला. रेवा ही मंदाताईंची मुलगी. इथे टेक्सासमध्येच जन्मली, ऑस्टिनला वकिली करते. तिला मराठी सगळं समजतं, पण उत्तर इंग्रजीतच देते. लहानपणापासून मी तिच्याशी मराठीत आणि ती माझ्याशी इंग्रजीत, असंच आमचं चालत आलंय. त्या दिवशी मात्र ती म्हणाली, "काका... आई गेली." शब्दांचा अर्थ लागण्याआधीच, ती मराठीत बोलली म्हणून, काय झालं असेल ते मला कळलं. मंदाताई पहाटे चहा करून पुन्हा आडव्या झाल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत. त्यांच्याकडे राहायला आलेली रेवा हाक मारायला गेली तेव्हा सगळं संपलं होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी आमच्याकडे कोथिंबीर मागायला फोन केला होता. शुभाने, माझ्या बायकोने, उद्या आणून देते म्हणून सांगितलं होतं.

मंदाताई जाऊन आता दीड महिना झाला. ह्यूस्टनजवळच्या आमच्या शुगर लँडमधल्या मराठी मंडळींनी त्यांच्याबद्दल बरंच सांगितलं, लिहिलं. किडनीच्या नामांकित डॉक्टर, गणपतीच्या वर्गणीपासून नव्या आलेल्या मुलांना घर शोधून देण्यापर्यंत सगळ्यात पुढे, बोलण्यात फटकळ, मनाने उदार. हे सगळं खरंच आहे. पण त्यांच्या आयुष्यातली काही वर्षं अशी होती की ज्यांबद्दल इथे फार कोणाला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे, कारण योगायोगाने मी त्यात ओढला गेलो. ती वर्षं कोणीतरी लिहून ठेवायला हवीत असं रेवाचं म्हणणं पडलं. ती मला म्हणाली, "यू वेअर देअर, काका." मी तिथे नव्हतो. आमच्यापैकी तिथे कोणीच नव्हतं, तीच तर अडचण होती... पण ते पुढे येईल.

मंदाताई मूळच्या अकोल्याच्या. वैद्यकीचं शिक्षण नागपूरला, मग लग्न होऊन अमेरिकेत. चाळीस वर्षं टेक्सासमध्ये काढूनही राग आला की त्यांच्या तोंडून अकोला बाहेर पडायचं. "काहून असं करता बाप्पा?" असं त्या आपल्या मेक्सिकन पेशंटलासुद्धा म्हणायच्या आणि त्याला ते बरोबर समजायचं. आमची घरं एका गल्लीआड. त्यांचे यजमान अनंतराव माझ्याच क्षेत्रातले, तेलाच्या कंपनीत इंजिनिअर. पुढे त्यांना पार्किन्सनने गाठलं. आमची दोस्ती मुळात अनंतरावांशी होती, त्यांचं बाहेर पडणं थांबल्यावर ती मंदाताईंकडे सरकली.

एका सकाळी त्या आमच्या दारात उभ्या राहिल्या आणि आत येण्याआधीच म्हणाल्या, "सुधाकर, तू प्लांटमध्ये पाणी शुद्ध करायची कामं केलीस ना रे? मग सांग, आर.ओ.चा पडदा क्षार धरून बसला आणि नवीन मिळणारच नाही, तर काय करायचं?" मला वाटलं, घरातला फिल्टर बिघडला. मी म्हटलं, "नवीन मागवा की, दोन दिवसांत येतो." त्या खुर्चीत बसल्या. "तिथे काही येत नाही," त्या म्हणाल्या. "गावाला वेढा आहे."

सीरियात तेव्हा यादवी युद्ध चालू होतं. आपण बातम्यांमध्ये पाहायचो आणि चॅनल बदलायचो. मंदाताईंच्या हॉस्पिटलमध्ये डॉ. नादिया नावाची हृदयरोगतज्ज्ञ होती, मूळची तिकडची. दमास्कसपासून अगदी जवळ तिचं माहेरचं गाव. सरकारी फौजांनी ते चारी बाजूंनी बंद केलं होतं. धान्य, औषध, इंधन, काहीच आत जात नव्हतं आणि माणूस बाहेर येत नव्हता. त्या गावात एका तळघरात डायलिसिसची काही यंत्रं होती आणि ती चालवणारा एकच डॉक्टर उरला होता, यूसुफ. तो किडनीचा डॉक्टर नव्हता. शिक्षण पुरं होता होताच युद्ध सुरू झालं होतं आणि त्याचे वरिष्ठ कोणी मारले गेले होते, कोणी निघून गेले होते. नादियाने मंदाताईंना विचारलं, फोनवरून त्याला थोडं मार्गदर्शन कराल का? मंदाताई हो म्हणाल्या. थोडं म्हणता म्हणता ते काही वर्षं चाललं. (गावाचं नाव मी लिहीत नाही. यूसुफची तशी विनंती आहे, त्याची माणसं अजून तिथे आहेत.)

डायलिसिसला अतिशय शुद्ध पाणी लागतं. ज्याची किडनी गेली त्याचं रक्त यंत्रातून धुऊन घ्यायचं, आठवड्यातून तीनदा, हा नियम. गावात वीज नव्हती. प्लास्टिक जाळून, वितळवून लोक त्यातून डिझेलसारखं काहीतरी काढत आणि त्यावर जनरेटर चालवत. पाणी विहिरीचं, जड. मी विचार करून सांगितलं, लिंबूसत्त्वाच्या पाण्याने पडदा धुऊन बघा, क्षार सुटतील. मंदाताईंनी निरोप पाठवला. दुसऱ्या दिवशी यूसुफचं उत्तर आलं: गावातल्या एका मिठाईवाल्याकडे लिंबूसत्त्वाचं अर्धं पोतं निघालं, साखर संपल्यामुळे त्याला त्याचा काही उपयोग उरला नव्हता. पडदा धुतला, पाणी सुटलं. मंदाताईंनी तो निरोप मला वाचून दाखवला आणि लहान मुलीसारख्या टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून मी त्या गावाचा पाणी-इंजिनिअर झालो. रविवारी सकाळी, तिकडे दुपार असताना, त्या आमच्या डायनिंग टेबलाशी येऊन बसायच्या आणि फोन स्पीकरवर ठेवायच्या.

यूसुफचं इंग्रजी पुस्तकी होतं आणि आवाज मऊ. मला त्याचा चेहरा माहीत नव्हता, व्हिडिओ लागण्याइतकं तिथे नेट चालतच नसे. एकदा मंदाताई त्याला पेशंटच्या आहाराबद्दल समजावत होत्या. किडनीच्या पेशंटला पोटॅशियम विषासारखं असतं आणि पालेभाज्यांत ते भरपूर. गावात तेव्हा लोक बांधावरची रानभाजी खाऊन दिवस काढत होते. मंदाताई म्हणाल्या, "भाजी उकळ, पाणी फेकून दे. पुन्हा नव्या पाण्यात उकळ, तेही फेक. मग खायला दे." तो म्हणाला, "डॉक्टर मंदा, दुसऱ्यांदा उकळायला सरपण नाही. आणि ते पहिलं पाणी लोक फेकत नाहीत. ते सूप म्हणून मुलांना देतात." शुभाने मंदाताईंपुढे पोह्यांची बशी ठेवली होती, ती त्यांनी हाताने हळूच बाजूला सरकवली.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये आमच्याकडे वादळ आलं आणि ह्यूस्टनच्या आसपासचा सगळा भाग पाण्याखाली गेला. रस्ते बंद, डायलिसिसची सेंटरं बंद, पेशंट घराघरांत अडकलेले. मंदाताई कोणाच्या तरी मासेमारीच्या बोटीतून जे एक सेंटर चालू होतं तिथे पोचल्या आणि घरी न येता तिथेच राहिल्या. पेशंट फार, यंत्रं थोडी. प्रत्येकाचा वेळ निम्म्यावर आणायचा असं ठरलं. इथले तरुण डॉक्टर गांगरले होते, असं कधी कोणी केलंच नव्हतं. मंदाताईंनी त्यांना सांगितलं, मला ठाऊक आहे कसं करतात ते. त्या गोंधळात यूसुफचा व्हॉइस मेसेज आला. त्यांनी तो नंतर मला ऐकवला. "डॉक्टर मंदा, तुमच्या रस्त्यांवर पाणी आलंय असं आम्ही ऐकलं. तुम्ही सुरक्षित आहात ना? तुमच्याकडे खायला आहे का? आमचे पेशंट विचारताहेत, तुमच्या पेशंटना कोण सामान आणून देतं?" ऐकवताना त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "आमच्याकडे हेलिकॉप्टरनं सामान आलं रे," त्या म्हणाल्या. "हे त्याला कोणत्या तोंडानं सांगू?"

पूर ओसरला, आमची घरं वाळली. तिकडचा वेढा मात्र त्या हिवाळ्यात आणखी आवळला गेला. पूर्वी भुयारांतून चोरून थोडंफार सामान येत असे, तेही बंद झालं. मदतीचे ट्रक निघाले तरी नाक्यावर त्यांतली औषधं आणि डायलिसिसचं सामान उतरवून घेतलं जाई आणि मगच ट्रक पुढे सोडले जात. तीन वेळांचं डायलिसिस दोनवर आलं होतं, ते एकवर आलं. मग एका रविवारी यूसुफ म्हणाला, "आता सगळ्यांना पुरणार नाही."

मी समोर बसलो होतो, म्हणून जे झालं ते जसंच्या तसं सांगू शकतो. सामान अगदी मोजक्यांपुरतं उरलं होतं. बहुतेकांचं काय करायचं ते यूसुफने ठरवलं होतं, दोघांवर तो अडला होता. एक हनान, शाळकरी मुलगी. दुसरे अबू सामी, साठीला आलेले भूगोलाचे शिक्षक. मंदाताई म्हणाल्या, "मी इथे बसून निवडणार नाही यूसुफ. मी त्यांना पाहिलेलं नाही." तो म्हणाला, "मी रोज पाहतो, डॉक्टर. म्हणूनच मला जमत नाही. अबू सामींनी मला शिकवलंय. तुम्ही पाहिलेलं नाही, तुम्हीच सांगा."

मंदाताईंनी डोळे मिटून घेतले. मग एकेक प्रश्न विचारायला लागल्या. वजन, सूज, श्वास. लघवी होते का? हनानला अजिबात नाही. अबू सामींना होते, यूसुफ म्हणाला. रोज सकाळी ते बाटलीत भरून आणतात, अर्धी बाटली असते. म्हणजे त्यांची किडनी थोडी तरी काम करत होती. असा माणूस डायलिसिसशिवाय काही काळ तग धरू शकतो. लघवी पार बंद झालेला नाही धरू शकत. वैद्यकशास्त्रात याचं उत्तर एकच आहे आणि ते त्यांनी दिलं. "अबू सामींना थांबव. नवं सामान येईपर्यंत. हनानला चालू ठेव." यूसुफ म्हणाला, "थँक यू." मंदाताईंनी फोन बंद केला. मग मला म्हणाल्या, "त्यानं आभार काहून मानले रे?"

अबू सामी त्यानंतर फार दिवस जगले नाहीत. फुप्फुसांत पाणी भरलं. ते गेल्यावर थोड्याच दिवसांनी एका ट्रकमधून, कसं कोण जाणे, डायलिसिसचं सामान आत पोचलं. ही दोन्ही वृत्तं यूसुफने एकाच निरोपात कळवली.

मंदाताईंनी पुढेही त्याला मदत करणं थांबवलं नाही. वसंतात गाव सरकारी फौजांच्या हाती पडलं. लोकांना बसमध्ये भरून उत्तरेकडे पाठवण्यात आलं, त्यांत यूसुफही होता आणि हनानही. हनान पुढे तुर्कस्तानात पोचली, तिथे तिच्या आईची किडनी तिला बसवली. यूसुफने हे कळवलं तेव्हा आम्ही सगळे आनंदाने ओरडलो. त्याने विचारलं, हनानला तुमच्याशी बोलायचंय, फोन लावू? मंदाताई म्हणाल्या, नंतर कधीतरी. ते 'नंतर' त्यांनी कधीच येऊ दिलं नाही. मी एकदा छेडलं तर म्हणाल्या, "ती माझे आभार मानेल. मग मी काय म्हणू?"

त्यांच्या मनात काय घोळत होतं ते मला तुकड्यातुकड्यांनीच कळलं. त्या त्याबद्दल बसून कधी बोलल्या नाहीत. पण एखाद्या लग्नाहून परत येताना, ह्यूस्टनच्या त्या न संपणाऱ्या ट्रॅफिकमध्ये, मधेच म्हणायच्या, "सुधाकर, बाटली केवढी होती ते मी विचारलंच नाही." मी म्हणायचो, "मंदाताई, अहो, पाण्याची बाटली असते तेवढीच असणार." "तुला काय ठाऊक? औषधाचीही असते. लहान असते. अर्धी म्हणजे किती, हे विचारायला हवं होतं. आमच्या पहिल्या वर्षाच्या पोरांनीही विचारलं असतं." अनंतराव गेले त्यानंतर महिन्याभराने मी त्यांना भेटायला गेलो, तेव्हाही नवऱ्याबद्दल बोलता बोलता थांबल्या आणि म्हणाल्या, "यांना मी शेवटपर्यंत पाहिलं. त्या माणसाचा तर फोटोसुद्धा पाहिला नाही..." मी त्यांना शास्त्र सांगायचो, जे त्यांनीच मला शिकवलं होतं. त्या मान डोलवायच्या. शास्त्र बरोबर होतं याबद्दल त्यांना शंका नव्हतीच, पण त्याने त्यांना बरंही वाटत नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी यूसुफ अमेरिकेत आला. ओहायोमध्ये, कोलंबसजवळच्या डब्लिनमध्ये राहतो, डायलिसिस सेंटरमध्ये टेक्निशियन म्हणून काम करतो आणि इथल्या डॉक्टरकीच्या परीक्षा देतोय. आता भेट होणार असं आम्ही गृहीत धरलं. विमानाने काही तासांचा प्रवास. मंदाताई फोनवर म्हणायच्या, "ये रे, पुरणपोळी खाऊ घालते." तो म्हणायचा, "नक्की, परीक्षा झाली की." परीक्षा झाल्या, सण झाले, त्या रिटायर झाल्या. दोघांपैकी कोणीही तिकीट काढलं नाही. मला तेव्हा वाटायचं, कामं असतात माणसांना.

तो आला तो त्या गेल्यावर. इथल्या हॉलमध्ये शोकसभा ठेवली होती, तिथे मागच्या रांगेत एक सडपातळ, अकाली पिकलेल्या केसांचा तरुण बसला होता. मी जवळ जाऊन नाव सांगितलं तेव्हा तो उठून त्याच मऊ आवाजात म्हणाला, "मिस्टर लेमन?" लिंबूसत्त्वामुळे तिकडे माझं हे नाव पडलं होतं, मला पत्ताच नव्हता. आम्ही एकमेकांना मिठी मारली.

लोक पांगल्यावर रेवा त्याला मंदाताईंच्या घरी घेऊन आली, आम्हीही बरोबर होतो. शुभाने चहा केला. रेवाने त्याला सहज सांगितलं की आईला शेवटपर्यंत एका पेशंटची टोचणी होती, कोणी शिक्षक होते. यूसुफने कप खाली ठेवला. "अबू सामी?" त्याने विचारलं. "पण त्यांचा निर्णय डॉक्टर मंदांनी घेतलाच नव्हता."

मग त्याने जे सांगितलं ते असं. तुर्कस्तानात असताना त्याला अबू सामींची बायको भेटली होती. ती त्याच्यापुढे रडली आणि तिने कबूल केलं की ती बाटली अबू सामींची नव्हती. त्यांची लघवी कधीच बंद झाली होती. सामान संपत आलंय हे त्यांना दिसत होतं, यूसुफ काय विचारणार हेही त्यांना कळत होतं. हनान त्यांच्या वर्गातली. त्यांनी बायकोला गळ घातली आणि ती बाटली रोज सकाळी ती भरत असे. सुरुवातीला तिने नकार दिला, तेव्हा ते तिच्याशी बोलेनासे झाले. घरात दोघंच, बाहेर तोफा. शेवटी तिने ऐकलं. "तिला वाटत होतं की नवऱ्याला तिनेच मारलं," यूसुफ म्हणाला. "मला वाटत होतं मी मारलं. आणि डॉक्टर मंदांना..."

"तुम्ही आईला हे सांगितलं नाहीत?" रेवाने विचारलं. इंग्रजीतच, पण वकिलासारखं नाही.

"त्या नेहमी हसून बोलायच्या. अबू सामींचं नाव त्यांनी कधीच काढलं नाही. मला वाटलं, त्या विसरल्यात, आपण कशाला आठवण द्यायची? भेटायला आलो तर विषय निघेल, म्हणून मी येतही नव्हतो."

मंदाताईही त्याच्याशी नेमक्या याच कारणाने हसून बोलत होत्या, हे मला माहीत होतं. दोघं एकमेकांना जपत राहिले, त्यात इतकी वर्षं गेली. एवढं एक वाक्य ओहायोहून टेक्सासला पोचायला हवं होतं. ते ऐकून त्यांना बरं वाटलं असतं का, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. कदाचित त्या अबू सामींवरच संतापल्या असत्या, अकोल्याच्या भाषेत. कदाचित त्या बाईला फोन लावून तासभर बोलल्या असत्या. काहीतरी केलं असतं. आता ती बाई कुठे आहे हे यूसुफलाही माहीत नाही.

उठताना त्याने रेवाला विचारलं, "त्या माझ्याशी कुठे बसून बोलायच्या? रविवारी यांच्याकडे, ते माहीत आहे. पण इतर दिवशी?" त्याच्या मनात बहुधा हॉस्पिटलमधलं मोठं ऑफिस असावं. रेवाने त्याला स्वयंपाकघरामागच्या लाँड्रीच्या खोलीत नेलं. अनंतरावांची झोप मोडू नये म्हणून मंदाताई सकाळी कपडे यंत्रात टाकून, दार लावून तिथे बसायच्या, हे मलाही त्याच दिवशी कळलं. कोपऱ्यात एक बुटकं स्टूल होतं, त्यावर चपटी झालेली उशी. पाहुण्यांच्या चादरी धुवून रेवाने ड्रायरमध्ये टाकल्या होत्या आणि तो घरघरत होता.

यूसुफ दारातच थबकला. "हा आवाज," तो म्हणाला. "आम्हाला वाटायचं, त्यांच्याकडेही जनरेटर आहे. पेशंट म्हणायचे, डॉक्टर मंदाचा जनरेटर चालू आहे, म्हणजे आज त्या फोनवर आहेत..."

रेवाने ड्रायर बंद करायला हात पुढे केला, त्याने मानेनेच नको म्हटलं. तो आत गेला आणि त्या स्टुलाच्या शेजारी, खाली जमिनीवर बसला. रेवा आणि मी बाहेर आलो. चादरी वाळून यंत्र आपोआप थांबलं, त्यानंतरच तो उठला.